अवधूताचे लहान गुरू आणि आपली नातवंडं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

भाविक हो, मार्गशीर्ष पौर्णिमा आली की आपल्या मंदिरात सात दिवस गुरुचरित्राचं पारायण चालतं, शेवटच्या दिवशी सायंकाळी पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो. या दिवसांत चोवीस गुरूंवर एखादं तरी प्रवचन होतंच. पृथ्वी, वायू, आकाश, पाणी इथपासून सुरू होणारी ती नावं आपल्यापैकी बऱ्याच जणांना तोंडपाठ आहेत. पण त्यातले काही गुरू असे आहेत की ज्यांना आपण रोज हाताने झटकतो, नाहीतर त्यांच्यावर औषध मारतो. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे, आणि त्यांच्या बरोबरीने आपल्या नातवंडांविषयी.

गोष्ट भागवताच्या अकराव्या स्कंधातली आहे. श्रीकृष्ण ती उद्धवाला सांगतात. यदुराजाला एक अवधूत भेटला. ना घर, ना दार, ना कसली चिंता. राजाला नवल वाटलं. त्याने हात जोडून विचारलं की महाराज, सगळं जग काम-लोभाच्या वणव्यात होरपळतंय, आणि तुम्ही इतके शांत कसे? अवधूत म्हणाला, माझे चोवीस गुरू आहेत, त्यांच्याकडे बघून मी शिकलो. हा अवधूत म्हणजेच श्रीदत्तात्रेय, असं आपली परंपरा मानते. पैठणच्या नाथमहाराजांनी एकनाथी भागवतात हा संवाद असा काही रंगवून सांगितला आहे की निरूपणाला अनेक दिवस पुरावेत.

आता यातली एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. मूळ संस्कृतात त्या अवधूताला ‘तरुण’ म्हटलं आहे. प्रश्न विचारणारा राजा, आणि उत्तर देणारा तरुण मुलगा! आणि तो तरुण शिकला कुणाकडून? कबुतराकडून, माशाकडून, पतंगाकडून, मधमाशीकडून, कोळ्याकडून, कुंभारीण माशीकडून. त्याने डोळे उघडे ठेवले आणि समोर जे जीव होते त्यांच्याकडे निवांत बघितलं. मी कॉमर्सचा पदवीधर, आयुष्य बँकेत लेजर लिहिण्यात गेलं, मला शास्त्रार्थ फारसा कळत नाही. पण एवढं कळतं की तरुणपण आणि कीटकांकडे बघणं, या दोन गोष्टी आपल्या दत्तप्रभूंच्या चरित्रात एकत्र आलेल्या आहेत. आपण मात्र त्या वेगळ्या करून टाकल्या.

मधमाशीपासून अवधूत काय शिकला? पहिली गोष्ट, ती फुलाफुलातून थोडं थोडं घेते, कुठल्याही फुलाला इजा करत नाही. तसं संन्याशाने घरोघरी थोडं थोडं मागावं, एकाच घरावर भार टाकू नये. दुसरी गोष्ट, शहाण्याने लहानमोठ्या सगळ्या ग्रंथांतलं सार तेवढं घ्यावं. तिसरी गोष्ट सावधगिरीची. माशी साठवून ठेवते, आणि त्या साठ्यापायी कधी कधी जिवाला मुकते. त्यावरून अवधूताने साठा न करण्याचा धडा घेतला.

यातल्या पहिल्या धड्यावरून आपल्याकडे एक शब्द आला, माधुकरी. मधुकर म्हणजे मधमाशी, तिच्यासारखी मागितलेली भिक्षा ती माधुकरी. साठी-सत्तरी ओलांडलेल्यांना आठवत असेल, गरीब घरची हुशार मुलं माधुकरी मागून नाहीतर वार लावून जेवायची आणि शाळा शिकायची. अशा कितीतरी मुलांची शिक्षणं या एका शब्दाच्या आधाराने झाली. आणि आपल्या बीड जिल्ह्याचा तर या माधुकरीशी थेट संबंध आहे. दत्तप्रभू निद्रा माहूरला करतात, भिक्षा कोल्हापूरला मागतात आणि भोजनाला येतात ते आपल्या गेवराई तालुक्यात, गोदाकाठी पांचाळेश्वरला, अशी श्रद्धा आहे. महानुभाव मंडळी त्या स्थानाला आत्मतीर्थ म्हणतात. म्हणजे मधमाशीकडून शिकलेली ती भिक्षा प्रभू खातात आपल्या जिल्ह्यात. त्या माशीचं इथे काय चाललं आहे, हे बघणं आपलंच काम नाही का?

आता दुसरा गुरू घ्या. पतंग. दिव्याच्या रूपाला भुलून जळून जातो, म्हणून विषयाला भुलू नये, असं आपण सांगतो. पण तोच पतंग आणखी एक काम करतो. दुधी भोपळ्याचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. त्या वेळी मधमाश्या पोळ्याकडे परतलेल्या असतात. मग त्या फुलांकडे अंधारात येतात ते पतंग. एका वेलाच्या नरफुलावरचा पराग मादीफुलाला लावतात, तेव्हा कुठे दुधी धरतो. दिव्यावर झेपावला तर जळतो आणि फुलावर गेला तर आपल्या घरची भाजी पिकवतो.

आणि आता ज्याच्याभोवती आपण रोज प्रदक्षिणा घालतो त्या औदुंबराकडे या. गुरुचरित्राच्या एकोणिसाव्या अध्यायात औदुंबराचा महिमा आहे, तो पारायण करणाऱ्यांना सांगायला नको. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही, असं आपण म्हणतो. खरं तर उंबराचं फूल नसतं असं नाही, ते फळाच्या आत असतं. एका हिरव्या उंबरात शेकडो बारीक फुलं दाटीवाटीने बसलेली असतात. मग त्यांच्यापर्यंत पराग नेणार कोण? त्यासाठी देवाने एक इवलीशी माशी नेमली आहे. तिळापेक्षाही लहान. उंबराच्या टोकाला जो बारीक डोळा असतो, त्यातून ती आत शिरते. वाट इतकी अरुंद असते की शिरताना तिचे पंख तुटतात. आत जाऊन ती बाहेरून आणलेला पराग फुलांना लावते, अंडी घालते आणि तिथेच देह ठेवते. पुढे काही आठवड्यांनी तिची पिल्लं आतच मोठी होतात. बिनपंखांचे नर भोक पाडून वाट करून देतात, आणि पंखवाल्या माद्या अंगाला पराग लावून दुसऱ्या उंबराच्या शोधात निघतात. त्यांच्या हातात वेळ असतो अवघा एक-दोन दिवसांचा. तेवढ्यात दुसरं योग्य वयाचं उंबर सापडलं तर वंश पुढे चालतो, नाहीतर संपतो.

पिकलं उंबर फोडलं की चिलटं उडतात आणि आपण नाक मुरडून ते टाकून देतो. त्या चिलटांत हीच माशी असते. ती नसेल तर औदुंबराला बी धरणार नाही, पक्षी नवीन झाडं पेरणार नाहीत, आणि शंभर वर्षांनी आपल्या नातवाच्या नातवाला प्रदक्षिणा घालायला औदुंबर शोधावा लागेल. आणखी एक. एक-दोन दिवसांत दुसरं झाड गाठायचं म्हणजे जवळपास दुसरे उंबर हवेत. मंदिराच्या पारावर एकच औदुंबर राखून भागत नाही. ओढ्याकाठचे, विहिरीजवळचे, रस्त्याकडेचे उंबर तोडत गेलो तर पारावरचा औदुंबर एकटा पडतो.

मंदिरातून आता शेताकडे जाऊ. आपल्या बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ प्रसिद्ध आहे, बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. या सीताफळाच्या फुलात आधी मादीभाग तयार होतो आणि पराग नंतर सुटतो. त्यामुळे फुलाचं स्वतःचं स्वतःला काही साधत नाही. इथे मधमाशीचंही फार चालत नाही, काम करतात ते बारीक भुंगेरे. ते कमी पडतात तिथे बागायतदाराला ब्रश घेऊन फुलाफुलाला हाताने पराग लावत बसावं लागतं. कांद्याचं बी धरणाऱ्यालाही विचारा. कांद्याच्या गोंड्यावर माश्या आल्या नाहीत तर गोंडा मोठा दिसतो पण बी पोचट. कलिंगड, खरबूज, डांगर, कारलं, या सगळ्यांची नरफुलं वेगळी आणि मादीफुलं वेगळी. मध्ये नेआण करणारं कुणी नसेल तर फळ वाकडंतिकडं होतं, नाहीतर गळून जातं. जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे ७५ टक्के पिकं थोड्याफार प्रमाणात तरी अशा जिवांवर अवलंबून आहेत, असं जाणकार सांगतात. ज्वारी-बाजरीचं वाऱ्यावर भागतं. पण भाकरीबरोबरची भाजी, कोरड्यास, फोडणीतलं तेल आणि पंचामृतातला मध, यांचा हिशेब त्यांच्या खात्यावर आहे.

मी खातं म्हटलं, कारण मला तीच भाषा येते. काम करणारी मधमाशी भर हंगामात सहा आठवडे जगते. एवढ्या आयुष्यात तिच्या वाट्याचा मध म्हणजे चहाच्या चमच्याचा बारावा भाग. अभिषेकाला आपण एक चमचा मध घेतो, त्यात बारा जिवांचं आयुष्यभराचं कष्टाचं जमा आहे. आणि मध हे तिचं लहान काम. शेतात धरलेलं फळ आणि बी ही मोठी रक्कम तर ती आपल्या नावावर जमा करून जाते, पावतीसुद्धा मागत नाही.

आणि आपण काय देतो? मोहोळ दिसलं की टेंभा. बांधावर तणनाशक, म्हणजे टाकळा, रानतुळस, एकदांडी, सगळी रानफुलं साफ. तूर फुलोऱ्यात आली की शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी फवारणी, तीही सकाळी दहा-अकराला, नेमकी माश्या फुलांवर असताना. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. अळी सोडली तर तूर हातची जाते, हे मलाही कळतं. पण तीच फवारणी सूर्य मावळायला लागल्यावर, माश्या परतल्यावर केली तर अळीही मरते आणि माशीही वाचते. यात खर्च वाढत नाही, वेळ तेवढी बदलते.

एका गुरुवारी हे बोलणं झाल्यावर एका गृहस्थांनी मला सरळ विचारलं, ‘अहो, गुरू-बिरू ठीक आहे, पण पारावरच्या झाडाला आग्या मोहोळ लागलंय, उत्सवात माणसं जमणार, पोरंबाळं असणार. माश्या उठल्या तर तुमचा अवधूत येणार का सोडवायला?’ प्रश्न रास्त आहे. आग्या मोहोळाच्या माश्या उठल्या तर माणूस दगावू शकतो, हे खोटं नाही. पण त्या उठतात कशाने? दगड मारल्याने, धुराने, खाली फटाके उडवल्याने, एखादी घार-ससाणा पोळ्यावर झडपल्याने. म्हणजे बरंचसं आपल्या हातात आहे. त्या झाडाखाली होम नको, फटाके नकोत, भोंग्याचं तोंड तिकडे नको, त्या बाजूला दोरी लावून वाट बंद करावी. आणि आग्या माश्या तशाही कायम राहत नाहीत, फुलोऱ्याप्रमाणे जागा बदलतात. काही महिने गेले की पोळं रिकामं करून निघून जातात. तरीही जागा अगदीच धोक्याची असेल तर मोहोळ न जाळता हलवणारी जाणती माणसं असतात. तीही हवी ती शिकून तयार झालेली. हौसेने कुणी झाडावर चढू नये.

कुणावर माश्या आल्याच तर तोंड-डोळे झाकून बंद खोलीत पळावं, हातवारे करू नयेत. काटे ताबडतोब काढावेत. जास्त डंख झाले, धाप लागली, तोंड सुजलं, तर लिंबू-चुना करत न बसता लगेच दवाखाना गाठावा. ही माहिती गावातल्या प्रत्येक मुलाला पाठ हवी. भीती माहितीने कमी होते, टेंभ्याने नाही.

आता मुख्य मुद्दा. हे करणार कोण? आपण सगळे गुडघेदुखीवाले. झाडावर बघायलाही मान वर होत नाही. हे काम तरुणांचंच आहे. ‘आजची पोरं मोबाईलमधून डोकं वर काढत नाहीत’ असं पारावर रोज ऐकू येतं. पण मला सांगा, त्यांना डोकं वर काढून बघण्यासारखं आपण काय दाखवलं? आग्या कुठली, फुलोरी कुठली, झाडाच्या ढोलीत राहणारी सातेरी कुठली, आणि डंख न मारणारी पोयाची माशी कुठली, हे आपल्या वडिलांनी आपल्याला दाखवलं होतं. आपण ते पुढे दिलं का?

आपल्या जिल्ह्यात तर याला आणखी एक बाजू आहे. दिवाळी झाली की हजारो जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. दत्तजयंतीला गाव अर्धं रिकामं असतं. घरात उरतात आजी-आजोबा आणि शाळेतली नातवंडं. पाच-सहा महिने ती मुलं आपल्याच हाती असतात. त्यांना पोथीतली चोवीस नावं पाठ करून घेण्याबरोबर संध्याकाळी बांधावर नेऊन त्यातले चार गुरू प्रत्यक्ष दाखवणं, हे आपल्याशिवाय दुसरं कोण करणार? मोहोळ ओळखायला म्हाताऱ्याची आठवण लागते आणि पोराचे डोळे लागतात. दोघं मिळून हे काम होतं.

तरुण पुढे आले की काय होतं, याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. पुण्याचे अमित गोडसे हे शिकलेले इंजिनीअर. आपल्या सोसायटीतलं मोहोळ औषध मारून संपवलेलं त्यांनी पाहिलं. मग पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत शिक्षण घेतलं, नोकरी सोडली आणि मोहोळं न मारता हलवण्याचं काम सुरू केलं. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे गाव मे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झालं. तिथे घराघरांत मधपेट्या आहेत, आणि डोंगरातल्या फुलांवर गावाला चार पैसे मिळतात. आणि लांब कशाला, बीडजवळच्या पालवणच्या उजाड माळावर सह्याद्री देवराई उभी राहिली. तिथे फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्षसंमेलन भरलं, अध्यक्षस्थानी वडाचं झाड होतं. शाळा-कॉलेजची मुलं तिथे लोटली होती. मुलांना काम दिलं की मुलं येतात.

दरवर्षी २० मे हा जागतिक मधमाशी दिन असतो. २०२४ साली तर त्याचा विषयच तरुणांना या कामात सोबत घेणं हा होता. आपल्याकडे ती तारीख सोयीची आहे. शाळांना सुट्टी असते, कोयता घेऊन गेलेली मंडळी घरी परतलेली असतात, आणि ऊन असं असतं की माशी पाण्यासाठी तडफडते.

म्हणून या जयंतीला मंदिरापुढे मी पाच संकल्प ठेवतो.

पहिला, गावातली मोहोळं आणि उंबर यांची वही. नववी-दहावीच्या दोन-चार मुलांनी एका वडीलधाऱ्याला बरोबर घेऊन कुठल्या झाडावर कोणतं मोहोळ आहे, कधी आलं, कधी गेलं, हे लिहायचं. उंबर कुठे, कधी फळला, तेही. हवं तर मोबाईलमध्ये दुरून फोटो काढायचा. वही मंदिरात राहील. नोंद ठेवली की गोष्ट आपली होते, हा माझा बँकेतला अनुभव.

दुसरा, पाणी. उन्हाळ्यात पसरट भांड्यात पाणी आणि त्यात खडे, म्हणजे माशीला बसायला जागा मिळते आणि ती बुडत नाही. रोज पाणी बदलायची पाळी एकेका घरच्या मुलाकडे.

तिसरा, फुलोऱ्यात शक्यतो फवारणी नाही, आणि करावीच लागली तर दिवस मावळताना. हे शेतकऱ्याला मुलगा सांगेल तेव्हा बाप आधी चिडेल, पण ऐकेल. आजोबांनी त्या वेळी मुलाची बाजू घ्यावी.

चौथा, बांधाचा एक तरी कोपरा तणनाशकाशिवाय. तिथे रानफुलं राहू द्यावीत. आणि मंदिरातर्फे दरवर्षी पाच उंबर ओढ्याकाठी लावावेत, एकमेकांपासून फार लांब नकोत.

पाचवा, दोन होतकरू मुलांना मधपेटीचं शिक्षण. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला आणि गेवराई तालुक्यातल्या खामगावला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, तिथे चौकशी करावी. जाण्यायेण्याचा खर्च दानपेटीतून व्हावा, असं मी विश्वस्तांना नम्रपणे सुचवतो. दरवर्षी मंडपावर आणि लाइटिंगवर जे जातं त्यापुढे हा खर्च काहीच नाही.

अंबाजोगाईच्या दासोपंतांचं नाव दत्तभक्तांना सांगायला नको. त्यांनी ग्रंथलेखनासाठी चाळीस फुटांचं कापड घेतलं, ती पासोडी आजही अंबाजोगाईत आहे. इतकं लिहून ठेवलं कशासाठी? पुढच्यांच्या हाती पडावं म्हणून. आपल्याला तेवढं लिहिता येणार नाही. पण आपण जे डोळ्यांनी पाहिलं, रानात ज्याच्या मागे फिरलो, ते नातवाचा हात धरून त्याला दाखवता येईल.

यंदा पाळणा झाल्यावर घरी जाताना नातवंडांना घेऊन थोडा वेळ औदुंबराखाली थांबा. एक गळलेलं उंबर उचला, हलकेच उघडा, आणि त्यातले ते इवले जीव त्यांना दाखवा. सांगा की बाळा, आपल्या दत्तमहाराजांचं झाड यांच्या जिवावर उभं आहे, आणि महाराज तरुणपणी अशाच जिवांकडे बघून शिकले. मग ते जीव उडू द्या.

दत्तप्रभू आपल्या लेकरांना तशी नजर देवोत आणि आपल्याला ती नजर दाखवण्याची बुद्धी देवोत, एवढंच त्यांच्या चरणी मागणं.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥